रूममेटला 10 एमबीपीएसवर बांधायच्या आधी

चौघांत मिळून 100 एमबीपीएसचा फायबर, एकाने गेम डाउनलोडला लावला की तुमचा ऑफिसचा कॉल तुटतो, म्हणून त्याला राउटरवरून गुपचूप 10 एमबीपीएसवर बांधायचंय. बांधता येईल, पण आधी थोडं थांबा.

व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. तो तुटतो रांगेमुळे. लाइन पूर्ण भरली की पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) राउटरच्या किंवा मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचतात आणि तुमचा आवाज गेमच्या मागे उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 8.8.8.8 ला (हा गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावून ठेवा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल, आणि त्याला डाउनलोड सुरू करू द्या. 10-15 मिलिसेकंदांवरून आकडा 300 वर गेला, तर हेच दुखणं. हीच चाचणी अपलोडचीही करा. मी भाच्याच्या लॅपटॉपला दोन महिने लिमिट लावून बसलो होतो. अपलोड खात होता माझ्याच फोनचा फोटो बॅकअप. भाचा अजून ऐकवतो.

पिंग डाउनलोडशिवायही उड्या मारत असेल तर दोष बहुधा वायफायचा. 5 गिगाहर्ट्झवर या किंवा केबल लावा, पुढचं वाचू नका.

उपाय रांगेवरच करायचा. राउटरच्या क्यूओएस (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सेटिंग) किंवा बँडविड्थ कंट्रोलमध्ये एकूण वेग प्रत्यक्ष मिळतो त्याच्या 85-90 टक्के टाका, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही. वेग रात्री नऊच्या सुमारास केबलवर मोजलेला घ्या. बऱ्याच राउटरमध्ये हा आकडा केबीपीएसमध्ये असतो: 90 हवे तर 90000. नुसतं 90 लिहिलंत तर अख्खं घर तुमच्या दाराशी येईल.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत पर्यायी सॉफ्टवेअर) चालत असेल तर एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज टाकून त्यात 'केक' ही पद्धत निवडा. तो प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा देतो आणि बाकीचे झोपले असतील तेव्हा एकट्याला पूर्ण लाइन वापरू देतो. त्याला 'नॅट' हा पर्याय मात्र द्या, नाहीतर घराचा बाहेरचा पत्ता एकच असल्याने त्याला अख्खं घर एकच उपकरण दिसतं. हे काम प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे स्वस्त राउटर 300-400च्या प्लॅनवर धापा टाकतो. तुमच्या 100ला अडचण येऊ नये.

एवढं करूनही त्याला बांधायचंच असेल, तर डीएचसीपीमध्ये (राउटर उपकरणांना आयपी पत्ते वाटतो ती सेटिंग) त्याच्या लॅपटॉपचा आयपी राखून ठेवा आणि त्या आयपीवर लिमिट लावा. फोनवर भरवसा ठेवू नका. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन वायफायला बनावट मॅक देतात; मॅक म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, आणि राखलेला आयपी त्यालाच बांधलेला असतो. सेटिंगमधलं एक बटण फिरवलं की तुमचं लिमिट गेलं. शिवाय कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालू असेल तर रूममेट त्याला जोडून मोकळा होईल, ते आधी बंद करा. गुपचूप मात्र राहणार नाही. गेमचा डाउनलोड बरोबर 10वर अडकलेला पाहून कोणालाही संशय येतो.

आज रात्री तो गेम लावेल तेव्हा पिंगचे दोन्ही आकडे, डाउनलोडच्या आधीचा आणि चालू असतानाचा, घ्या आणि राउटरच्या मॉडेलसकट इथे टाका. कुठल्या मेनूत काय भरायचं ते सांगतो.