वर्णनात ‘टँकर’ असलेल्या सगळ्या नोंदींची बेरीज कशी करायची? माझा फॉर्म्युला बेरीज कमी दाखवतो

तुमची अडचण थोडक्यात अशी: सोसायटीच्या खर्चाची शीट आहे, ए रकान्यात तारीख, बी मध्ये तपशील, सी मध्ये रक्कम. तपशील मनाला येईल तसा लिहिलेला, म्हणजे ‘पाण्याचा टँकर’, ‘टँकर २ फेऱ्या’, ‘पाणी टँकर रोख’. तुम्हाला वर्षभराचा टँकरचा खर्च हवाय, आणि फॉर्म्युल्याचं उत्तर हाताने केलेल्या बेरजेपेक्षा कमी येतंय.

मी सोसायट्यांचे हिशेब लिहिण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. तुमचा फॉर्म्युला बरोबर आहे:

=समइफ(बी:बी, "*टँकर*", सी:सी)

(सूत्रांची आणि रकान्यांची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, सलग, आणि सूत्रातले आकडेही इंग्रजीतच.) दोन्ही बाजूंच्या चांदण्या म्हणजे आधी काहीही असो, नंतर काहीही असो, मध्ये टँकर हवा. चांदण्या नसतील तर ज्या नोंदीत फक्त ‘टँकर’ एवढंच लिहिलंय तीच धरली जाते.

गडबड आहे ती बी रकान्यातल्या मजकुरात. ‘टँकर’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ट वर चंद्रबिंदू हे एकच चिन्ह असतं, दुसऱ्यात ॅ आणि वर वेगळा अनुस्वार. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण शीटच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. खात्री करायची असेल तर कोऱ्या जागी दोन्ही नोंदींतला नुसता तो शब्द कॉपी करा आणि शेजारी ‘लेन’ हे चिन्हं मोजणारं सूत्र लावा. एकाचं उत्तर ४ येईल, दुसऱ्याचं ५. ‘बँक’चंही तेच, ३ आणि ४. आधीच्या खजिनदारांनी मोबाइलवर लिहिलं असेल आणि तुम्ही कॉम्प्युटरवर, की हा घोळ झालाच म्हणून समजा.

सोपा इलाज म्हणजे शीटची एक प्रत ठेवून कंट्रोल-एच दाबायचं आणि एक रूप बदलून सगळीकडे दुसरं करायचं. मूळ नोंदींना हात लावायचा नसेल तर "*ट?कर*" आणि "*ट??कर*" अशा दोन समइफची बेरीज करा. प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक चिन्ह. इथे "*ट*कर*" लिहायचा मोह होतो, तो टाळा. ‘इलेक्ट्रिशियनने काम करून दिले’ ही नोंदसुद्धा त्यात बसते, कारण तिच्यात ट आहे आणि पुढे कुठेतरी ‘कर’ आहे.

काही जण सुचवतील की ‘पाणी’ शोधा. मराठीत ते दोन्हीकडून फसतं. "*पाणी*" ला ‘पाण्याचा’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागला की शब्दाचं रूपच बदलतं. उलट ‘पाणीपट्टी’ आणि ‘सांडपाणी वाहिनी दुरुस्ती’ मात्र हमखास आत येतात. रस्ता, जिना, पंखा या सगळ्यांची हीच गत. म्हणून अट लिहिताना प्रत्यय लागूनही न बदलणारा भाग निवडा. ‘टँकर’ त्या दृष्टीने चांगला आहे: टँकरचे, टँकरवाला, टँकरसाठी, सगळे सापडतात.

आणि ‘टँकर’ची बेरीज अधिक ‘पाणी’ची बेरीज असं तर मुळीच करू नका. ‘पाणी टँकर रोख’ ही नोंद दोन्हीत बसते आणि तिची रक्कम दोनदा धरली जाते. ‘टँकर किंवा बोअर, यातला कुठलाही एक शब्द असला तरी चालेल, पण रक्कम एकदाच’ असं हवं असेल तर हे वापरा:

=समप्रॉडक्ट(--((इजनंबर(सर्च("टँकर",बी२:बी४००))+इजनंबर(सर्च("बोअर",बी२:बी४००)))>0),सी२:सी४००)

यात रकमेच्या रकान्याआधी स्वल्पविराम आहे, गुणाकाराची खूण नाही. गुणाकार केलात आणि सी मध्ये एखाद्या ठिकाणी जरी अक्षरं असली, तर पूर्ण उत्तराच्या जागी एरर येते.

आर्थिक वर्षापुरती बेरीज हवी असेल तर समइफ्स:

=समइफ्स(सी:सी, बी:बी, "*टँकर*", ए:ए, ">="&डेट(२०२४,४,१), ए:ए, "<"&डेट(२०२५,४,१))

समइफमध्ये रकमेचा रकाना शेवटी येतो, समइफ्समध्ये पहिला. निम्म्या चुका इथेच होतात. चिन्ह अवतरणात, तारीख बाहेर, मध्ये &. शेवटची तारीख ‘३१ मार्चपर्यंत’ अशी न लिहिता ‘१ एप्रिलच्या आधी’ अशी लिहिली आहे, कारण बँकेतून उतरवलेल्या तारखेला कधी कधी वेळही चिकटलेली असते. मग ३१ मार्चच्या दुपारचं पेमेंट ‘<=’ च्या अटीतून सुटतं.

माझं मत विचाराल तर वर्णनाच्या भरवशावर हिशेब करणं हे फक्त जुन्या नोंदींपुरतं ठेवा. डी रकाना ‘खातं’ म्हणून काढा: टँकर, वीज, लिफ्ट, सफाई, दुरुस्ती, इतर. डेटा व्हॅलिडेशनमध्ये ही यादी द्या म्हणजे टाइप करायचं कामच राहत नाही, निवडायचं फक्त. बाहेरून पेस्ट केलेला मजकूर मात्र ही यादी अडवत नाही, तेवढं लक्ष ठेवा. वर्णन बी मध्ये हवं तसं, मोकळेपणाने लिहा. ऑडिटला ते लागतंच.

मग ताळा घ्या. सगळ्या खात्यांच्या बेरजा एकत्र करून सी रकान्याच्या एकूण बेरजेतून वजा करा, शून्य यायला हवा. पण रक्कम ‘१८०० रोख’ अशी लिहिली गेली असेल तर ती दोन्ही बेरजांतून गुपचूप वगळली जाते आणि ताळा खोटा जुळतो. त्यासाठी सी रकान्यातल्या फक्त नोंदींवर, शीर्षक सोडून, ‘काउंट’ आणि ‘काउंटए’ दोन्ही लावा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेली प्रत्येक चौकट. दोन्हींत फरक आला तर तेवढ्या रकमा आकडे म्हणून नोंदलेल्या नाहीत. तुमच्या शीटमध्ये टँकरवाल्याला रोख पैसे दिलेल्या नोंदी आधी तपासा, माझा पहिला संशय तिथेच आहे.