एमडी झाल्यावर परत सायकियाट्री? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी एमडी ॲनेस्थेशिया, म्हणजे भूलतज्ज्ञ, वय ३४, मराठवाड्यात तालुक्याच्या गावी राहते. रेसिडेन्सी झाली, बॉन्डची सरकारी सेवा झाली, आता चार-पाच हॉस्पिटलला कॉलवर जाते, काम भरपूर आहे आणि पैसेही बरे मिळतात. पण बरेच दिवस डोक्यात एकच चाललंय, मला सायकियाट्री, म्हणजे मनोविकारशास्त्र, करायचीय. आयसीयूत फवारणीचं औषध प्यालेले पेशंट येतात, शेतकरी असतात, नवीन लग्न झालेल्या मुली असतात, मी इंट्युबेट करते म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालते, विषावरचं ॲट्रोपिन चालतं, दिवस जातात, ट्यूब निघते आणि पेशंट घरी. त्याने ते का केलं यावर कुणी त्याच्याशी एक शब्द बोललेलं नसतं. मला हे आता बघवत नाही. एका ठिकाणी ईसीटीसाठी (मनोविकारांवरचा विजेच्या झटक्यांचा उपचार) भूल द्यायला जाते तिथे पेशंटची लिस्ट संपली तरी मी बसून राहते, सर पेशंटशी कसं बोलतात ते ऐकत. नवरा म्हणतो नीट विचार कर. सासरे म्हणतात एमडी झाल्यावर परत एमडी म्हणजे मागे जाणं. परत नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, परत जेआर वन म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट, मुलगी पाच वर्षांची. करू का? आणि आधीची तीन वर्षं वाया गेली समजायचं का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते सोपं आहे. नाही, काहीही वाया जात नाही, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये. आपली अख्खी आधुनिक सायकियाट्री ज्या औषधापासून सुरू झाली ते क्लोरप्रोमाझिन मुळात भुलेच्या कामातून आलंय. आँरी लाबोरी नावाचे फ्रेंच नौदलातले सर्जन होते, ऑपरेशनच्या वेळी शरीराला बसणारा धक्का कमी कसा करायचा याच्या मागे होते, त्यांनी १९५१-५२ च्या सुमारास हे औषध वापरलं आणि त्यांच्या लक्षात आलं की पेशंट जागा आहे पण शांत आहे, त्याला कशाची फिकीर वाटत नाहीये. त्यांनी सायकियाट्रिस्ट लोकांच्या मागे लागून ते वापरायला लावलं, आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन हॉस्पिटलमध्ये डिले आणि डेनिकर या सायकियाट्रिस्टनी ते गंभीर मनोविकाराच्या पेशंटना दिलं. पुढचं तुम्हाला माहितीय. आणि केटामिन, जे भुलेचं औषध तुम्ही रोज हाताळता, त्याचाच भाऊ एसकेटामिन २०१९ मध्ये अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी मंजूर झाला.

आता वॉर्डातलं बोलते. सायकियाट्रीच्या वॉर्डात ताप आलेला, अंग लाकडासारखं कडक झालेला, घामाघूम पेशंट दिसला की न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम (अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मनोविकारांवरच्या औषधांनी क्वचित होणारा जीवघेणा त्रास) पटकन डोक्यात यावा लागतो, सीपीके ही रक्ततपासणी पाठवावी लागते, अँटिसायकोटिक बंद करावं लागतं. मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलेच्या औषधांनी क्वचित येणारा तसाच जीवघेणा ताप, शिकलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावरचा पेशंट मे महिन्यात शेतात राबतो, पाणी कमी पितो, गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेतो आणि आठवड्यात हात थरथरत, तोल जात ओपीडीत येतो. रक्तातली लिथियमची लेव्हल ०.६ ते १.० च्या मध्ये हवी ती १.५ च्या वर गेलेली असते. दारू अचानक सुटलेला, तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागलेला माणूस. ऑपरेशननंतर बरळणारे आजोबा, ज्यांना नातेवाईक "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून आणतात आणि खरं तर सोडियम खाली आलेलं असतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा शरीराशी संबंध एमबीबीएसनंतर सुटत जातो, मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणून तुमच्यासारखं कुणी इकडे येतंय म्हटलं की आनंदच होतो.

पण करू का, हे त्यावरून ठरत नाही.

मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात नाइट कॉलचा कंटाळा कुठेच नाही, सर्जन बोलतो त्याचा राग नाही, पेमेंट थकल्याची तक्रार नाही. असं काही असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं, कारण त्यावर उपाय जागा बदलणं हा आहे, विषय बदलणं नाही, आणि जो थकून सायकियाट्रीत येतो तो इथे जास्त थकतो, इथे दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकायचं असतं आणि ते संध्याकाळी हँडवॉशने जात नाही. तुम्ही लिस्ट संपल्यावर बसून राहता. मला त्या एका वाक्यावरून वाटलं की या बाईंचं काम कुठे आहे ते यांना कळलेलं आहे.

तरी एक गोष्ट स्वतःला विचाराच. भुलेत तुम्ही प्रोपोफॉल देता आणि तीस-चाळीस सेकंदात पेशंट झोपतो, सॅच्युरेशन पडलं तर मॉनिटर ओरडतो, तुम्ही काहीतरी करता, ते वर येतं. आमच्याकडे गोळी सुरू केली की दोन ते चार आठवडे वाट बघायची, त्यात पेशंट रोज फोन करून विचारणार की अजून का बरं वाटत नाही, आणि तुम्ही मॉनिटरशिवाय, फक्त त्याच्या बोलण्यावरून, बायकोने सांगितलेल्यावरून, तो खुर्चीत कसा बसलाय यावरून ठरवायचं की डोस वाढवायचा की थांबायचं. काही पेशंट वीस-वीस वर्षं तुमचेच असतात, बरे होतात, औषध सोडतात, परत येतात. आणि कधीतरी असंही होतं की सगळं नीट करूनही पेशंट जीव देतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसायचं असतं. हे सोसेल का? मला याचं उत्तर पाठवू नका, पण बारीक विचार करा. जमलं तर काही महिने आठवड्यातून एक दिवस कॉल न घेता त्याच सरांच्या ओपीडीत बसा, ईसीटीच्या दिवशी नाही, साध्या दिवशी, जेव्हा सलग चाळीस फॉलोअप असतात आणि नाट्यमय काही घडत नाही. तो दिवस आवडला तर पुढे जा.

आता व्यवहाराचं. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये सायकियाट्रिस्ट कोण याची व्याख्या आहे, त्यासाठी सायकियाट्रीतली मान्यताप्राप्त पीजी डिग्री किंवा डिप्लोमा लागतो, किंवा राज्य सरकारने एखाद्या मेडिकल ऑफिसरला ज्ञान-अनुभव बघून तसं जाहीर केलेलं असावं लागतं. त्यामुळे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करून पाटीवर मनोविकारतज्ज्ञ लिहिता येणार नाही, कुणी सांगितलं तरी फसू नका. रस्ता म्हणजे नीट पीजी देऊन एमडी किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी, दोन्ही तीन वर्षं, आणि निमहान्सला, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, जायचं असेल तर आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा. ॲनेस्थेशियाच्या एमडीमुळे यातलं एकही वर्ष कमी होत नाही. एक पीजी झालेल्यांसाठीचे नियम, सीट सोडल्याचा दंड, बॉन्ड, हे ऑल इंडियाला वेगळं आणि राज्याच्या कोट्याला वेगळं असतं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीचं बुलेटीन स्वतः शब्दन्‌शब्द वाचा, ग्रुपवरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि सायकियाट्री शेवटी उरते, मिळूनच जाईल, हा समज डोक्यातून काढा, ते दिवस गेले, आता चांगल्या रँकचे लोक आवडीने घेतात.

पैशाचं गणित नवऱ्याबरोबर बसून कागदावर मांडा. पीजी रेसिडेंटला प्रायव्हेट प्रॅक्टिस करता येत नाही, म्हणजे तीन वर्षं कॉलचं उत्पन्न शून्य, फक्त स्टायपेंड, आणि घर वेगळ्या शहरात. हप्ते चालू असतील तर आधी ते हलके करा, एखादं वर्ष उशीर झाला तरी चालेल. मुलगी पाच वर्षांची आहे म्हणून थांबू नका, पण तिच्याजवळ कोण राहणार हे ठरल्याशिवाय निघूही नका. आणि हो, तुमची सीनियर २७ वर्षांची असेल आणि तुमची हिस्टरी अपुरी आहे म्हणून परत पाठवेल. ते मान खाली घालून नाही, मनापासून घ्यायचं, कारण हिस्टरी घेण्यात ती खरंच तुमच्या पुढे असणार आहे.

सासऱ्यांना सांगा, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निमहान्सने दाखवलंय की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मराठवाड्यात स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसांत बसणारी सायकियाट्रिस्ट मिळणं ही त्या भागासाठी किती मोठी गोष्ट आहे. याला मागे जाणं म्हणत नाहीत.

शेवटी तुमच्या आयसीयूतल्या पेशंटबद्दल, कारण त्यांच्यासाठी डिग्रीची वाट बघायची गरज नाही. त्याच कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला उपचार, पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम नवीन न्याय संहितेत राहिलं नाही, सरकारी माणसावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये गुन्हा आहे. पोलिसांना कळवायचं ते कळवायचंच, पण केसच्या भीतीने "चुकून प्यायला" लिहायची पद्धत बंद करायला लावा, कारण तसं लिहिलं की रेफरन्स होतच नाही. ट्यूब निघाली, पेशंट बोलायला लागला की डिस्चार्जच्या आधी सायकियाट्रीचा कॉल झालाच पाहिजे असा आग्रह तुम्ही आजपासून धरू शकता. गावात कुणी नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमकडे पाठवा, शेतकऱ्यांसाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सुरू केलेला प्रेरणा हा समुपदेशनाचा प्रकल्प आशाताईंना माहीत असतो, आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरात लिहा. घरच्यांना बाजूला घेऊन औषधाचे डबे कुलपात ठेवायला सांगा. आणि पेशंटच्या उशाशी पाच मिनिटं बसून विचारा, जगणं नको असं अजून वाटतंय का. असं विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात जात नाही, उलट बरेच जण पहिल्यांदा मोकळे होतात. तुम्ही त्याचा श्वास परत आणलेला असतो, तुमच्याशी तो बोलेल.

प्रश्न : मुलगा इथे एमएस ऑर्थो करून इंग्लंडला गेला. तिथे ट्रस्ट ग्रेडची, म्हणजे ट्रेनिंगमध्ये न धरली जाणारी हॉस्पिटलची, नोकरी करतोय आणि आता म्हणतो सायकियाट्रीत जातो. एवढं शिकून हे काय? नातेवाइकांना काय सांगायचं? किती वर्षं लागतील? (एक वडील, कोल्हापूर)

उत्तर : काका, वर्षं विचारलीत म्हणून ती आधी. तिथे कोअर सायकियाट्री ट्रेनिंग तीन वर्षं, त्यात एमआरसीसायक या तिथल्या सायकियाट्रीच्या परीक्षेचे पेपर ए, पेपर बी आणि सीएएससी नावाची प्रॅक्टिकल परीक्षा, मग पुढचं ट्रेनिंग आणखी तीन वर्षं, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर सहा. प्रवेशासाठी एमएसआरए परीक्षेचे मार्क लागतात. इथल्या ऑर्थोमुळे वर्षं कमी होत नाहीत, पण पूर्ण वेळ पगार असतो, म्हणजे तो सहा वर्षं तुमच्याकडे हात पसरणार नाहीये.

नातेवाइकांना सांगा की मुलगा मनाच्या आजारांचा डॉक्टर होतोय. एवढंच सांगा आणि आवाज खाली करू नका. तुम्ही कुजबुजत सांगितलंत तर तुमच्याच घरातल्या कुणाला उद्या झोप येईनाशी झाली, उदास वाटायला लागलं, तर ते माणूस तुमच्याजवळ बोलणार नाही, हे मी ओपीडीत रोज बघते. आणि मुलाला का म्हणून विचारलंत का कधी? रागावून नाही, ऐकायला म्हणून. पुढच्या रविवारी फोन आला की विचारा.