फाईलवरच्या एका शेऱ्याबद्दल

नाशिक, गंगापूर रोड

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाळंतिणींच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून लागून तुला महिनाच झाला, आणि एका फाईलवर तू ‘आई बाळाकडे लक्ष देत नाही’ असा शेरा मारलास. नंतर रात्रभर झोप लागली नाही म्हणतेस. झोप लागली नाही, हे मला फार बरं वाटलं.

माझ्या नर्सच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं. थंडीचे दिवस, रात्रीचे दोन वाजलेले. पेठकडून दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर आलेली एक एकोणीस-वीस वर्षांची पोर. तिचं तीन दिवसांचं बाळ दुपट्यातून पाय बाहेर काढून लालबुंद होईस्तोवर रडत होतं आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. ‘दगड आहेस का?’ असंही बोलले. तिनं बाळ उचललं, पण चुलीवरचं तापलेलं पातेलं उचलावं तसं, अंगापासून लांब धरून. तेव्हा दिसलं की पदराचा बोळा करून तिनं कानाशी दाबून धरला होता. तिला रडणं ऐकू येत होतं गं. ते सोसत नव्हतं. सकाळी आयाबाईंनी सांगितलं, हिची आई ही रांगत असतानाच गेली, चुलतीकडे वाढली, आणि रडली की मार खायची.

तो माझा शब्द मला आजही बोचतो. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर काम केलं. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. कमी चाटणारीची पिल्लं जन्मल्या जन्मल्या खूप चाटणारीच्या कुशीत ठेवली, तर त्यातल्या माद्या मोठ्या झाल्यावर आपल्या पिल्लांना भरपूर चाटू लागल्या. हे 1999 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2004 मध्ये याच गटानं दाखवलं की त्या चाटण्यानं पिल्लाच्या मेंदूतल्या, ताण आवरणाऱ्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. जनुक तेच, पण ते किती कामाला लागणार हे आईच्या जिभेनं ठरवलं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मान्य. तरी हे वाचताना मला ती पेठची पोर आठवली.

जनुकांचाही वाटा असतोच. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक तुला प्रसूतिकक्षातल्या इंजेक्शनमुळे माहीत आहे. बाळ रडलं की पान्हा फुटतो तोही त्याच्यामुळेच. 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांना, ऑक्सिटोसिन ज्याला चिकटतं त्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) जनुकातला फरक आणि आईची लहान मुलाच्या हाकेला ओ देण्याची रीत यांत नातं आढळलं. पण हा वाटा थोडा, आणि नंतरच्या काही अभ्यासांत तो दिसलाही नाही. म्हणून ‘हिच्या रक्तातच माया नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे अडव.

मला सर्वात जास्त धीर दिला तो अमेरिकेतल्या बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांच्या 1975 च्या लेखानं. त्यातल्या एका आईला आपल्या बाळाचं रडणं जणू पोचतच नव्हतं. तिला बाळ कसं सांभाळायचं याचे धडे कुणी दिले नाहीत. तिचं स्वतःचं बालपण ऐकून घेतलं. ती रडली, आणि मग हळूहळू बाळाला कुशीत घेऊ लागली.

तेव्हा तू काय कर. आधी तुझ्या त्या फाईलवरच्या आईचं हिमोग्लोबिन बघ, झोप किती झाली विचार. मन फारच खचलेलं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. चहा दे, पाठीला उशी दे. बाळ तू मांडीवर घे आणि तिच्याजवळच बस. ‘तू लहानपणी रडलीस की तुला कोण घ्यायचं?’ हे विचार, पण पहिल्याच दिवशी नको, आणि सासू शेजारी असताना तर मुळीच नको. सासू म्हणेल, उचलू नका, मांडीची सवय लागेल. तिला गोडीनं सांग की इतक्या लहान बाळाला जवळ घेतल्यानं ते बिघडत नाही.

जुना शेरा खोडू नकोस. त्याखाली तारीख घालून जे दिसलं तेवढंच लिही, उदाहरणार्थ: बाळ रडल्यावर आई ताठ होते, कान झाकते, रात्री सोबतीला कुणी नसतं.

आणि एक. बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वात जास्त असतं. हे तिला आत्ताच सांगून ठेव, नाहीतर आपलंच चुकतंय असं तिला वाटेल. दीड महिन्याचा डोसही नेमका तेव्हाच असतो. ती तारीख तुझ्या डायरीत लिहून ठेव आणि त्या दिवशी लसीच्या रांगेत तिला गाठ.

तुझी,
सिस्टर मावशी