वाचकांचे प्रश्न : ग्रीक शिकायची, पण कोणती?

प्रश्न : मी प्राचीन भारतीय इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचे वर्णन करणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ मूळ ग्रीकमधून वाचावा अशी फार इच्छा आहे. आधुनिक ग्रीकचे वर्ग ऑनलाइन सहज मिळतात, प्राचीन ग्रीक शिकवणारे मात्र शोधावे लागतात. आधी आधुनिक ग्रीक शिकून घेतली, तर प्राचीन ग्रीक आपोआप सोपी होईल काय? शाळेत माझे संस्कृत होते. — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपोआप होणार नाही. आणि आपला हेतू हाच असेल, तर हा वळसा घेण्याचे कारणही नाही. दोन्ही भाषांची लिपी एकच, चोवीस अक्षरे तीच आणि पुष्कळ शब्दही तेच असल्यामुळे एक आली की दुसरी अर्धी आलीच, असा समज सहज होतो. आमच्या मते या दोहोंमधील अंतर संस्कृत आणि मराठी यांच्यातील अंतरापेक्षा बरेच कमी आहे, परंतु ज्ञानेश्वरी आणि आजची मराठी यांच्यातील अंतरापेक्षा निश्चितच जास्त आहे.

आपल्याला हव्या असलेल्या ग्रंथातलेच एक वाक्य घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिणारा हा अनामिक लेखक भडोचच्या दक्षिणेकडील प्रदेशाला ‘दखिनबादेस’ म्हणतात असे सांगतो, आणि लगेच कारण देतो : ‘दखनोस गार कालेइताइ हो नोतोस तेइ आउतोन ग्लोस्सेइ’, म्हणजे ‘कारण त्यांच्या भाषेत दक्षिणेला दखनोस म्हणतात’. पुढे पैठण आणि तेर यांची नावे येतात. पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असा हिशेबही तो देतो. आता हेच वाक्य आजच्या अथेन्समधील माणसाला वाचायला द्या. तो ‘दखिनबादेस’चा उच्चार ‘दाहिनावादिस’ असा काहीसा करील, आणि त्यातला प्राकृत ‘दक्खिण’ आपल्या कानाला ओळखूही येणार नाही. कारण जुन्या ग्रीकमध्ये प-फ, त-थ, क-ख असा अल्पप्राण-महाप्राण भेद आपल्यासारखाच होता. पुढे महाप्राण वर्णांचे घर्षक, म्हणजे हवा घासून निघणारे वर्ण झाले, ब, ग, द यांचेही उच्चार ढिले पडले आणि ‘ब’च्या जागी सरळ ‘व’ आला. युरोपातील विद्यार्थ्यांना हे महाप्राण मुद्दाम घोटावे लागतात. मराठी माणसाला ते बाळपणापासून येतात. हा फायदा आधुनिक उच्चार आधी बसवून घालवू नये.

स्वरांची कथा याहून मजेची आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील नाटककार क्राटिनॉस याच्या एका ओळीत एक मूर्ख माणूस मेंढरासारखा ‘बेऽ बेऽ’ करत चालतो. आजच्या उच्चाराने तीच अक्षरे वाचली, तर मेंढरू ‘वी वी’ म्हणू लागते. ईटा, आयोटा, उप्सिलॉन ही अक्षरे आणि त्यांच्याशी संबंधित तीन जोडस्वर असे सहा वेगवेगळे लेखनप्रकार आज एकाच ‘ई’ने उच्चारले जातात. याचा परिणाम असा, की जुने ‘हेमेइस’ म्हणजे आम्ही आणि ‘हुमेइस’ म्हणजे तुम्ही हे दोन्ही शब्द आधुनिक उच्चारात ‘इमिस’ होऊन बसतात. बोलणाऱ्यांची ही अडचण भाषेनेच सोडवली. आज आम्ही म्हणजे ‘एमिस’ आणि तुम्ही म्हणजे ‘एसिस’. आपल्या ग्रंथाच्या काळापर्यंत यातले काही बदल सुरू झाले होते हे खरे, पण शिकताना जुने उच्चार धरले म्हणजे शुद्धलेखन कानानेच लक्षात राहते.

व्याकरणात आपले संस्कृत कामी येईल. वरच्या वाक्यातील ‘तेइ ग्लोस्सेइ’ ही चतुर्थी आहे, आणि ग्रीकमध्ये तिच्याकडे तृतीया आणि सप्तमी यांचीही कामे आहेत. आधुनिक भाषेत ही विभक्ती उरलेली नाही. तेथे ‘स्ति ग्लोसा तुस’ असे शब्दयोगी धाटणीने म्हणतात. द्विवचन गेले, इच्छार्थक रूपे गेली, आणि ‘गन्तुम्’सारखे तुमन्तही गेले, त्यामुळे आजचा ग्रीक माणूस ‘जाऊ इच्छितो’ असे न म्हणता ‘थेलो ना पाओ’, म्हणजे ‘इच्छितो की मी जावे’, असे म्हणतो. उलट भूतकाळात धातूच्या आधी येणारा जुना ‘ए’ आपल्याला ओळखीचा वाटेल : ‘अभरत्’ला ‘एफेरे’. आधुनिक ग्रीकमध्ये तो सामान्यतः आघात त्याच्यावर पडला तरच टिकतो.

‘पेरिप्लस’ची भाषा साहित्यिक नव्हे, व्यापाऱ्याची साधी ‘कोइने’, म्हणजे त्या काळची सर्वसामान्य व्यवहारातील ग्रीक आहे. म्हणून प्लेटोपासून आरंभ करण्याचा आग्रह नको. प्राथमिक व्याकरण झाले की त्याच शतकातील योहानाचे शुभवर्तमान मराठी भाषांतर शेजारी ठेवून वाचावे. वाक्ये लहान आहेत, शब्द पुन्हा पुन्हा येतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर दोन वर्षे प्राचीन ग्रीक शिकलो. पुढच्या उन्हाळ्यात अथेन्सला जाणार आहे. तेवढ्यावर भागेल काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दुकानांच्या पाट्या वाचून भागेल, दुकानदाराशी बोलून भागणार नाही. आपण शिकलेला पावाचा शब्द ‘आर्तोस’. आज पावाला ‘प्सोमी’ म्हणतात, पण बेकरीच्या पाटीवर मात्र ‘आर्तो-’ने सुरू होणारा शब्द दिसतो. पाणी ‘हुदोर’ नव्हे, ‘नेरो’. मद्य ‘ओइनोस’ नव्हे, ‘क्रासी’. असे दुपेडी चित्र दिसण्यामागे मोठा वाद आहे. एकोणिसाव्या शतकापासून शासन, न्यायालये आणि शाळा यांत ‘काथारेव्हुसा’ ही जुन्या वळणावर घडवलेली भाषा चाले आणि घरोघरी ‘दिमोतिकी’ ही बोलभाषा. १९०१ साली शुभवर्तमानाचे बोलीतील भाषांतर एका वृत्तपत्राने छापले, तेव्हा अथेन्समध्ये दंगल होऊन माणसे मेली. दिमोतिकीला अधिकृत मान्यता मिळायला १९७६ साल उजाडावे लागले.

ओळखीच्या क्रियापदांपासून विशेष सावध राहावे. व्याकरणाच्या पुस्तकात आपण ज्याची रूपे घोकली असतील ते ‘पाइदेउओ’, म्हणजे ‘मी शिकवतो’, आज ‘पेदेवो’ झाले असून त्याचा रोजचा अर्थ ‘मी छळतो’ असा आहे. विद्यार्थ्यांना यात अर्थांतर जाणवणार नाही, हा भाग वेगळा. ‘दूलेउओ’ म्हणजे पूर्वी गुलामी करणे, आज ‘दुलेवो’ म्हणजे नोकरीधंदा करणे.

वेळ विचारायची असेल तर ‘ति ओरा इने?’ असे म्हणावे. यातला ‘ओरा’ म्हणजे ज्योतिषातला आपला ‘होरा’. ग्रीकांकडून घेतलेला हा शब्द आपण ‘ह’सकट जपला, त्यांच्या तोंडून तो ‘ह’ शतकांपूर्वीच गेला होता, आणि त्याचे चिन्ह मात्र १९८२च्या लेखनसुधारणेपर्यंत कागदावर लिहिले जात होते.