मधली पानं मळलेली होती

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. हस्तलिखिताआधी सोबतची चार पानं वाचली, तुझ्या आठ वाचकांचे अभिप्राय तू जसेच्या तसे उतरवून पाठवलेस ती. ‘मधे फार रेंगाळते.’ ‘लढाई कधी येणार?’ ‘होळकरांवर अन्याय केलास.’ ‘शेवट पटला नाही.’ आणि सगळ्यात खाली तुझ्या अक्षरात: मावशी, मधली दोनशे पानं काढून टाकते, चालेल ना?

नाही चालणार. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी एक ओळही कापू नकोस.

मागच्या वर्षी मी तुला स्टीफन किंगची ‘११/२२/६३’ मुद्दाम वाचायला लावली होती. तुझी नायिका आजच्या पुण्यातून निघते, १७६० च्या पावसाळ्यात जाऊन पडते आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी चुकवू बघते. त्याचा नायक, शाळेत इंग्रजी शिकवणारा साधा मास्तर, १९५८ मध्ये उतरतो आणि २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींवर झाडलेल्या गोळ्या अडवायला निघतो. म्हणजे दोन्ही गोष्टींची जात एकच. त्या कादंबरीबद्दल वाचक काय काय बोलले ते मी वाचनालयात देवघेवीच्या खिडकीत बसून, आणि नंतर आमच्या शनिवारच्या वाचनकट्ट्यावर, बरीच वर्षं ऐकलं आहे. तुला आलेले अभिप्राय मला नवे नाहीत. त्यातले तीन तर शब्दसुद्धा तेच आहेत.

कादंबरी २०११ मध्ये आली, ८४९ पानांची. आमच्या वाचनालयात तिची एकच प्रत. दाखल नोंदवहीत नावाच्या रकान्यात नुसते आकडे लिहिले, महिना आधी, दिवस नंतर, अमेरिकन पद्धतीने. जो परत करायला यायचा तो एक वाक्य हमखास ऐकवायचा: ‘छान आहे, पण मधे लांबली हो.’ मधे म्हणजे कुठे, ते तुला ठाऊक आहे. मास्तरच्या हातात पाच वर्षं आहेत. मारेकरी अजून रशियात आहे, तो परतायचा आहे. मधल्या काळात मास्तर टेक्सासमधल्या एका लहान गावात शाळेत नोकरी धरतो, पोरांचं नाटक बसवतो, ग्रंथपाल म्हणून आलेल्या सेडीच्या प्रेमात पडतो. केनेडी बाजूलाच राहतात. वाचक घड्याळाकडे बघायला लागतो.

मीही काही दिवस लोकांचं म्हणणं खरं धरून चालले. मग एकदा ती प्रत बांधणीला द्यायची वेळ आली. पुस्तक फार वाचलं गेलं की पानांची बाहेरची कड बोटांनी मळते, हे तू पाहिलं असशील. लोकांनी अर्ध्यात सोडलेलं पुस्तक लगेच कळतं: पहिल्या शंभर-दीडशे पानांची कड करडी आणि पुढे एकदम कोरी पांढरी, जशी दुकानातून आली तशी. ही प्रत मी मिटून उजेडात धरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी करडी. आणि त्यातला एक पट्टा बाकीच्यापेक्षा गडद. बोट घालून उघडलं तर ते गाव, ती शाळा, ते दोघं नाचतात ती पानं. जिथे ‘लांबली’ म्हणून सगळे तक्रार करत होते तिथेच लोक परत परत गेले होते. एका पानात एसटीचं तिकीट अजून तसंच होतं.

तेव्हापासून वाचक तोंडाने काय म्हणतो आणि त्याच्या बोटांनी काय केलं हे मी वेगवेगळं मोजते. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मधे त्यांना खरोखर वाट पाहावी लागली होती. पण ती वाट पाहिली म्हणून तर मारेकरी नेम धरून बसलेला असतो त्या सहाव्या मजल्यावर सेडीला गोळी लागते तेव्हा कट्ट्यावरच्या आमच्या एका पेन्शनर वाचकांचा आवाज सांगता सांगता फुटला. राष्ट्राध्यक्ष वाचले, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. इतिहास बदलायचा तर काय द्यावं लागतं, हे शंभर पानांत सांगता येतं, पण भोगायला लावता येत नाही. ते भोगायला लावायचं तर वाचकाला त्या काळात नुसतं राहावं लागतं, रोजचा दिवस ढकलावा लागतो, कुणाशी तरी ओळख वाढवावी लागते.

गुरुवारी आणि शुक्रवारी तुझं हस्तलिखित वाचलं. तुझी ती दोनशे पानं म्हणजे पानिपतच्या छावणीतले अडीच महिने. अब्दालीने दिल्लीची वाट अडवली आहे, दाणागोटा संपत चालला आहे, सैन्याबरोबर आलेले यात्रेकरू आणि बुणगे यांची पोटं कुणी भरायची हा रोजचा प्रश्न. तुझी नायिका सरदारांच्या डेऱ्यात नसून जात्यावर बसते, हे तू फार चांगलं केलंस. पान २१२ वर ती काशीयात्रेला निघालेली म्हातारी एका भाकरीचे चार तुकडे करते, त्यातला सगळ्यात मोठा कुणाचा हे ठरवताना तिचा हात थांबतो, आणि मग ती तो तुकडा पुन्हा मोडते. ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ‘लढाई कधी येणार’ असं विचारणाऱ्या तुझ्या वाचकाला १४ जानेवारीला ही म्हातारी कुठे असेल याची धास्ती वाटली पाहिजे. ती आताही वाटत असेल, नीट विचारून बघ त्याला. ‘कंटाळा कुठे आला’ असं विचारू नकोस. ‘कोण लक्षात राहिलं’ असं विचार.

होळकरांचं थोडक्यात सांगते. किंगने सगळं ऑस्वाल्ड या एकट्या मारेकऱ्यावर ठेवलं, म्हणून त्याच्यावर चिडलेले वाचक आमच्याकडेही निघाले. कट होता अशी त्यांची पक्की समजूत. वॉरन आयोगाने १९६४ मध्ये ऑस्वाल्ड एकटाच असं म्हटलं, १९७९ मध्ये संसदेच्या समितीने बहुधा कट असावा असं म्हटलं, आणि अमेरिकेत तो वाद घराघरांत चालूच राहिला. मल्हाररावांनी रण सोडलं ते का, सदाशिवरावभाऊंनी अंबारीतून उतरायला हवं होतं का, सुरजमल जाटाचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, यावर आपल्याकडेही जेवणाच्या पंगती उठलेल्या आहेत. अशा विषयाला हात घातलास की वाचक स्वतःचा निकाल घेऊनच पुस्तक उघडतो. तू कागदपत्रं वाचली आहेस, तुझं मत बनलं आहे, त्यावर ठाम राहा. फक्त नायिकेच्या तोंडी वकिली भाषण नको. त्या प्रकरणातली दीड पानं तेवढी काढ.

शेवटाच्या तक्रारीत मात्र मला तथ्य दिसतं.

केनेडी वाचल्यानंतरचं जग किंगने भयंकर दाखवलं: जॉर्ज वॉलेससारखा वर्णद्वेष्टा राष्ट्राध्यक्ष होतो, अणुबॉम्ब पडतो, धरणी हादरते. अशा वाईटात वाईट शक्यता त्याने रिचर्ड आणि डोरिस गुडविन या जोडप्याशी बोलून जमवल्या, आणि त्यातल्या रिचर्ड यांनी केनेडींबरोबर प्रत्यक्ष काम केलेलं. एवढी तयारी असूनही ते जग वाचताना बहुतेकांना उरकल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं. कारण ते कुणीतरी सांगतो आणि मास्तर ऐकतो. पाच वर्षं ज्याने आपल्याला रस्त्यारस्त्याने चालवलं तो इथे पन्नास वर्षांचा हिशेब वाचून दाखवतो. तुझंही अगदी तेच झालं आहे. विश्वासराव वाचतात आणि पुढच्या नऊ पानांत इंग्रज समुद्रकिनाऱ्यावरच अडकतात, कारखाने निघतात, सगळं यादीसारखं. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पुन्हा वाच. तीही तीच गोळी, तेच विश्वासराव थोडक्यात वाचलेले. पण गोष्ट लहान आहे, आणि बदललेला इतिहास आपल्याला गंगाधरपंतांच्या डोळ्यांनी दिसतो. ते आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि लोक खवळतात, कारण त्या जगात सभेला अध्यक्ष नसतोच. एका खुर्चीत सगळं जग बसलं. तुझी नऊ पानं जाऊ देत. बदललेल्या पुण्यात नायिकेला एखादी खुर्ची शोधून दे.

किंगनेही शेवट बदलला होता. मास्तर परत जाऊन आपण केलेला बदल पुसतो, इतिहास पूर्ववत होतो, आणि पहिल्या खर्ड्यात त्याला नुसतं कळतं की सेडी जगली, तिचं लग्न झालं, लेकरं-नातवंडं झाली. जो हिल या त्याच्या मुलाने दुसरा शेवट सुचवला आणि किंगने तो घेतला: म्हातारी सेडी समोर उभी आहे, तिला हा माणूस आठवत नाही, आणि तरी दोघं नाचतात. कट्ट्यावर आमच्या पाच बायकांचे डोळे एकाच पानावर भरून आले होते. त्या वाचकाने लेखकाला कात्री दिली नाही, एक भेट घडवून दिली. असा वाचक आठांत एक जरी असला तरी पुष्कळ.

आता जे तुझ्या आठांपैकी कुणीच लिहिलं नाही, त्याबद्दल. त्यासाठीच खरं तर हे पत्र एवढं वाढलं आहे.

किंगच्या १९५८ मध्ये पहिल्या भेटीतच रूट बिअरचा पेला येतो. दहा सेंटला, फेसाळ, आणि चव अशी की मास्तर थक्क होतो. सगळ्या वाचकांना तो पेला आठवतो. मलाही तहान लागली होती. पण पुढे प्रवासात एका पेट्रोल पंपावर पुरुषांसाठी एक दार, बायकांसाठी एक दार आणि ‘कलर्ड’साठी, म्हणजे काळ्या माणसांसाठी, नुसता बाण. मास्तर त्या बाणामागे चालत जातो. अंगावर खाज उठवणाऱ्या वेलींतून पायवाट उतरते, खाली ओहोळ, त्यावर आडवी टाकलेली एक फळी. बस्स. तिथे दार नाही, भिंत नाही. मास्तर आपल्याला बजावतो की जुना काळ गोड होता असं वाटायला लागलं तर ही फळी आठवा. कट्ट्यावर हे पान निघालं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, ‘आमच्या आजीची वाट पण अशीच होती, गावाच्या खालच्या अंगाला.’

तुझ्या पुण्यात, पहिल्या ऐंशी पानांत, शनिवारवाडा आहे, रमण्यात ब्राह्मणांना मिळणारी दक्षिणा आहे, पैठण्यांचे पदर आहेत, केवड्याचा वास आहे. सुंदर लिहिलं आहेस. पण तुझी नायिका आजची आहे, शिकलेली आहे, ती महिनाभर त्या शहरात हिंडते आणि तिला फळी कुठेच दिसत नाही. बाबासाहेबांनी लाहोरसाठी लिहिलेलं आणि न झालेलं ते भाषण १९३६ मध्ये छापलं, त्यात पेशव्यांच्या पुण्याबद्दल काय आहे ते पुन्हा वाच: कमरेला झाडू, आपल्या पावलांची धूळ आपणच पुसण्यासाठी, आणि गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. तुझी नायिका हे राज्य वाचवायला निघाली आहे. ज्याच्या गळ्यात मडकं आहे त्याला ते वाचायला हवं आहे का? हा प्रश्न तिला एकदा तरी पडायला हवा, आणि मला वाटतं छावणीत पडायला हवा, जात्यावर, भाकरीच्या चौथ्या तुकड्याच्या वेळी. तिने गोळी अडवू नये असं मी म्हणत नाही. पण हात पुढे करताना तिला हे माहीत असू दे.

आठ जणांत एकालाही हे खटकलं नाही. ते आठ जण कोण आहेत हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज येतो: तुझी मैत्रीण, तुझे दोन सर, ऑफिसातले मित्र, काकांच्या ओळखीचे इतिहासप्रेमी. सगळे तुझ्यावर माया करणारे, आणि सगळे रमण्याच्या एकाच बाजूला उभे. तुझ्यात खोट आहे असं मला म्हणायचं नाही. तुला नववा वाचक हवा आहे एवढंच.

त्या मागच्या रांगेतल्या बाई अजून दर शनिवारी येतात. महाडकडच्या, निवृत्त शिक्षिका. काल त्यांना तुझ्या कादंबरीबद्दल सांगितलं. आधी म्हणाल्या, ‘पानिपत ना, त्यात आमचं काय?’ मग निघताना दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, पाठव म्हणावं. फक्त अक्षर मोठं हवं, एका बाजूने छापलेलं, आणि समास रुंद सोडायला सांग, मी लिहीत लिहीत वाचते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे, तेव्हा त्याच्या आत पोचलं तर बरं. छावणीची दोनशे पानं सगळ्यात वर ठेव.

तुझी,
मावशी