हवेच्या प्रदूषणामुळे हार्ट अटॅक येऊ शकतो का?

तुमच्या बाबांना स्टेंट बसवलाय, डॉक्टरांनी हिवाळ्यात भल्या पहाटे फिरायला जायला मनाई केलीय आणि बाबांचं म्हणणं, "धुराने फार तर खोकला होईल, हृदयाचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. मी चेंबूरला राहते. माझ्या आईलाही स्टेंट आहे, त्यामुळे तिच्या डॉक्टरांना मी हे खोदून खोदून विचारलंय.

खिडकीच्या गजांवर बसते ती धूळ जाड असते, बरीचशी नाकाघशातच अडते. खरा धोका पीएम २.५चा, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा. ते फुप्फुसात खोलवर जातात, त्यातले अतिसूक्ष्म कण थेट रक्तातही उतरतात. मग शरीरात सूज वाढते, रक्तवाहिन्या आक्रसतात, बीपी चढतं, रक्तात गुठळ्या व्हायची शक्यता वाढते. धमनीत आधीच चरबीचा थर असेल तर तो फुटून तिथेच गुठळी अडकू शकते. यालाच आपण अटॅक म्हणतो. हे नुकसान वर्षानुवर्षं साचतं, पण आधीच हृदयविकार असेल तर प्रदूषणाचे काही तासही निमित्त ठरू शकतात. जर्मनीत आउग्सबुर्गच्या रुग्णांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ट्रॅफिकमधून गेल्यावर तासाभरात अटॅक येण्याचा धोका जवळपास तिप्पट दिसला, आणि तो फक्त गाडीवाल्यांना नव्हे, बसने आणि सायकलने जाणाऱ्यांनाही.

हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ॲपवर 'समाधानकारक' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे पीएम २.५चं प्रमाण दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असलं तरी हवा समाधानकारक धरतात. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा १५ आहे. मला हे फार खटकतं.

बाबांचं चालणं मात्र बंद करू नका, फक्त वेळ बदला. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो, धूर खालीच कोंडतो, त्यात वॉचमनच्या शेकोट्या. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटला की हवा जरा मोकळी होते. आई आता साडेचारला जाते, हायवे सोडून आतल्या गल्लीने. हवा फारच खराब असेल तर घरातच चालते. रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, घट्ट बसणारा एन-९५ लागतो. घरात मच्छर कॉइल आणि धूपही कमी करा.

गोळ्या चुकवू देऊ नका. आणि छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर पित्त समजून थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.