मागवली स्क्वेअर नेक, आली राउंड नेक: सात दिवस उलटले म्हणून हक्क जात नाही

प्रश्न: मी ठाण्यात कोपरीला राहते. गिटार मांडीवर आडवी ठेवून हिंदुस्थानी पद्धतीनं स्लाइड शिकायची आहे, म्हणून एका ऑनलाइन बाजारपेठेवरून 18,500 रुपयांची रेझोनेटर गिटार (आतल्या धातूच्या वाटीमुळे मोठा आवाज देणारी) मागवली. जाहिरातीत ‘स्क्वेअर नेक, स्पायडर ब्रिज’ (नेक म्हणजे गिटारचा दांडा) असं स्पष्ट लिहिलं होतं. क्लास सुरू झाला तेव्हा गिटार येऊन 12 दिवस झाले होते. सर म्हणाले, ही राउंड नेक आहे, शिवाय जाड तारा छेडल्या की आतून झरझर येते. दिल्लीचा विक्रेता सांगतो की परतीची सात दिवसांची मुदत संपली, खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही, रेझोनेटर असाच वाजतो आणि बिलावर लिहिल्याप्रमाणे वाद दिल्लीतच चालेल. नटवर (दांड्याच्या टोकाशी तारा टेकतात तिथे) बसवायची पट्टी आणि 1,500 रुपये देऊन तो विषय मिटवायचा म्हणतो. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. निदान ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असलेला कोणताही मेसेज मान्य करू नका. एकदा तो मान्य केलात की पुढची तक्रार जवळजवळ संपते.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. एक, चुकीची नेक. दुसरी, झरझर. कायद्याच्या दृष्टीनं त्यांचं वजन सारखं नाही. विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत नेक पहिली लिहा, कारण ती सिद्ध करायला तज्ज्ञ लागत नाही. स्क्वेअर नेकची मागची बाजू सपाट असते आणि नटपाशी तारा फ्रेटबोर्डपासून (नेकच्या पुढच्या पृष्ठभागापासून) साधारण 9-10 मिलिमीटर उंच असतात. त्या दाबायच्या नसतातच, वरून स्टीलचा बार फिरवायचा असतो. राउंड नेकला मागे गोलाई असते आणि नटपाशी तारा अगदी खाली असतात. नटपाशी मोजपट्टी धरून एक फोटो आणि नेकच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढा, एवढ्यात मुद्दा सिद्ध होतो.

विक्रेता देतो आहे ती पट्टी तारा उंच करते, पण राउंड नेकची स्क्वेअर नेक करत नाही. मांडीवर वाजवणारे बरेच जण जी-बी-डी-जी-बी-डी अशा स्वरांत तारा लावतात. त्यात सहावी तार ई वरून जी पर्यंत आणि पाचवी ए वरून बी पर्यंत चढते. हा वाढीव ताण पेलायला स्क्वेअर नेक जाड आणि भक्कम केलेली असते. स्वस्तातली राउंड नेक त्यानं वाकू शकते. म्हणून वाद मिटेपर्यंत हे ट्यूनिंग लावूच नका. नेक वाकली तर ‘तुम्हीच बिघडवली’ हे म्हणणं विक्रेत्याला आयतं मिळेल. सरांना काही तपासायचं असेल तर डी-जी-डी-जी-बी-डी लावा. त्यात एकही तार चढवावी लागत नाही, तीन तारा उलट उतरतात.

आता कायदा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मधला नियम 6 सांगतो की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. वस्तू विक्री अधिनियम, 1930 चं कलम 15 सुद्धा हेच म्हणतं: वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. सात दिवसांची खिडकी ही विक्रेत्यानं आपल्या सोयीसाठी ठेवलेली पद्धत आहे. ‘आवडली नाही’ म्हणून परत करायची असती तर ती तुम्हाला लागू झाली असती. इथे दुसराच माल आला आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 नुसार वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे.

तरीही वेळ घालवू नका. वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम 42 प्रमाणे वाजवी काळ उलटूनही नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला, किंवा मालकानंच करावी अशी गोष्ट त्याच्याशी केली, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. नवशिक्या माणसाला नेकमधला फरक क्लासला गेल्यावर कळला, तेव्हा 12 दिवस मला वाजवी वाटतात. दोन महिने वाटणार नाहीत. आणि नट घासणं, झाकण उघडून आतला कोन (धातूची वाटी) बदलणं ही अगदी त्या कलमात बसणारी कृती आहे. कोणी ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणालं तरी हात लावू देऊ नका.

झरझरीचा मुद्दा नाजूक आहे. रेझोनेटरचा आवाज धातूचा आणि मोठा असतोच. 1927 साली नॅशनल या कंपनीनं जॉन डोपेरा यांच्या रचनेची गिटार बाजारात आणली, ती बिनविजेची गिटार मोठ्यानं ऐकू यावी म्हणूनच. पण खणखणीतपणा आणि खडखड या वेगळ्या गोष्टी आहेत. स्पायडर प्रकारात ॲल्युमिनियमचा वाटीसारखा कोन कडेवर टेकलेला असतो आणि आठ पायांचा सांगाडा (स्पायडर) ब्रिजचं, म्हणजे तारा खाली टेकतात त्या भागाचं, कंपन त्याच्यात उतरवतो. प्रवासात कोन जागेवरून सरकला, त्याला पोचा पडला किंवा मधला स्क्रू सैल झाला की खडखड येते. झाकणाचा एखादा स्क्रू ढिला असला तरी येते, आणि तो दोष फार किरकोळ आहे.

म्हणून काही न उघडता व्हिडिओ काढा. एकेक तार मोकळी छेडा, मग झाकणाच्या कडेवर तळवा हलका टेकवून तीच तार पुन्हा छेडा. आवाज थांबला तर संशय झाकणावर. हात ठेवूनही अनेक तारांवर खडखड चालूच राहिली तर संशय कोन आणि स्पायडरवर. एखाद्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबल्यावरच येत असेल तर दोष फ्रेटचा. टॉर्च लावून झाकणाच्या भोकांमधून कोनाचे फोटो घ्या.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो (ग्राहक संरक्षण अधिनियमाचं कलम 38), पण गिटारच्या खडखडीसाठी तशी प्रयोगशाळा मिळणं कठीण. त्यापेक्षा गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून एक पानाचं लेखी मत घ्या: काय दिसलं, कशामुळे, वापरातून झालं असावं का. त्याचं प्रतिज्ञापत्र जोडता आलं तर उत्तम.

खोकं उघडण्याच्या व्हिडिओची अट कायद्यात कुठेही नाही. व्हिडिओ असता तर पुरावा म्हणून उपयोग झाला असता, एवढंच. आणि नेकच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही, वाहतुकीत स्क्वेअर नेकची राउंड नेक होत नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र आजच घ्या. त्यात विक्रेत्याचं नाव, ऑर्डर क्रमांक आणि वर्णन एकत्र दिसू द्या, कारण वर्णन बदलायला विक्रेत्याला दोन मिनिटं लागतात. पुढे आयोगात ते भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्रासह द्या.

दिल्लीची धास्ती सोडा. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कायद्यानं दिलेला हा पर्याय बिलावरच्या छापील ओळीनं काढून घेता येत नाही. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही.

त्याआधी बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यानं 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. त्याच ईमेलमध्ये विक्रेत्याचा संपूर्ण पत्ता मागा, लेखी मागितल्यावर तो देणं ई-कॉमर्स नियमांतल्या नियम 5 नुसार बंधनकारक आहे. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे पुष्कळ प्रकरणं मिटतात, पण त्या नोंदीनं दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

विक्रेत्याला ईमेल आणि स्पीड पोस्टनं 15 दिवसांची नोटीस द्या. मजकूर एवढा पुरे: ‘जाहिरातीत स्क्वेअर नेक असताना राउंड नेक गिटार पाठवली आहे. मी ती स्वीकारत नाही. ती आहे त्या स्थितीत, मूळ खोक्यात तुमच्या ताब्यासाठी तयार ठेवली आहे. स्वखर्चानं न्यावी आणि 18,500 रुपये परत करावेत.’ उत्तर आलं नाही तर तक्रारीत विक्रेता आणि बाजारपेठ दोघांना सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. किंमत, वाहतूक, माफक नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. लाखभराची भरपाई मागितली की मूळ स्वच्छ प्रकरण उगाच गढूळ होतं. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला.

तोवर तारांचा सूर दोन-तीन पट्ट्या उतरवून गिटार खोक्यात ठेवा. विक्रेत्यानं बदलून द्यायची तयारी दाखवली तर आधी नवीन गिटारच्या नेकची मागची बाजू, नटपाशी तारांची उंची आणि सहाही तारा छेडल्याचा व्हिडिओ मागवा. नवीन हातात येऊन सरांनी तपासेपर्यंत जुनी देऊ नका. ती आधीच द्यावी लागली, तर नेणाऱ्याकडून अनुक्रमांकासह पोच घ्या.